बारदान वजा

दर महिन्याच्या पाच तारखेला इथं आमची वजनं करतात.
पांढरा काटा, त्याच्यावर उभं राहायचं.
नर्गिस म्हणते, "चपला काढा अप्पा, काठी माझ्याकडं द्या."
अडतीस वर्षं मी सांगलीच्या यार्डात तोलार होतो.
हळदीची पोती चढवली, उतरवली, आकडा ओरडून सांगितला.
तवनाप्पाचा तोल म्हटलं की
शेतकरी पुन्हा मोजायला लावत नसे,
व्यापारीही.
आता मी पोत्याच्या जागी.

बावन्न किलो.
कुपवाडहून पुण्याला फोन गेला.
लेक म्हणाली, "बघा अप्पा, घरी शेहेचाळीस होतं तुमचं,
सहा किलो भरलासा!"

सहा किलो.
रात्री उताणा पडून मी त्या सहाचा हिशेब लावतो.
वेळेवर भात, त्यात काही.
गोळ्या चुकत नाहीत, त्यात काही.
दिवस बुडायच्या आत
नर्गिस माझं ताट वेगळं काढून ठेवते,
तिला कुणी सांगितलं नव्हतं,
ते किती धरायचं?

घरचंही खोटं सांगणार नाही.
न्हाणीत पडलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.
दूधवाल्यानं दोन हाका मारल्या,
"म्हातारा बाहुबलीला गेला असंल," म्हणाला, आणि गेला.
फरशी गार. तोंडासमोर आडवी बादली.
नऊ वाजेपर्यंत मी तिच्या तळाकडं बघत होतो.
इथं उशाशी घंटा आहे.
दाबली की कुणीतरी येतं,
कुरकुरत का होईना, येतं.

पण घरी
अंधारात हात आपोआप बटणाकडं जायचा.
भिंतीवर पुराच्या दोन रेघा, त्यांच्या मधोमध बटण.
इथं मी अजून चुकीची भिंत चाचपतो.
पोट साफ झालं का, हे घरी कुणी वहीत लिहीत नव्हतं.
आणि दुपारी दार उघडं टाकून बसलं की
गावभागातला अर्धा रस्ता आत यायचा,
भंगारवाला, शाळेची रिक्षा,
कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी.

शेजारच्या खाटेवर घोरपडे मास्तर.
तासगावला चित्रकला शिकवायचे.
रात्री दोनला हाक मारतात, "मंदा, झोपलीस?"
पहिले आठ दिवस मी गप्प राहिलो.
मग एकदा म्हणालो, "नाही अजून."
त्यांना झोप लागली.
मलाही.
घरी चार वर्षं
रात्रीचं कुणाला उत्तर द्यावं लागलं नव्हतं.

हळदीचा भाव पूर्वी रुमालाखाली ठरायचा,
बोटं दाबून, तोंडं कोरी ठेवून.
लेकानं आणि लेकीनं माझं तसंच ठरवलं,
माझ्यासमोर बसून, चहा पीत.
भाव वाईट नाही ठरला.
एवढंच, की मालानं रुमालाखाली हात घालायची
रीत नाही.

तोलायच्या आधी धडा करायचा असतो.
रिकामी पारडी सारखी आली की मगच माल.
आणि शेवटी बारदान वजा.
पोत्याचं वजन कुणाच्या नावावर धरायचं नाही.
इथं हे कुणी शिकवलेलं दिसत नाही.

आज पाच तारीख.
चष्मा काढला, काठी दिली,
खिशातली लवंगांची डबी टेबलावर ठेवली.
करगोट्याला घराची किल्ली आहे, ती राहू दिली.
पितळेची. तिचं वजन मला तोंडपाठ आहे.
ती माल धरायची की बारदान,
तेवढं ठरत नाही.

नर्गिसनं वहीला पेन टेकवलं.

पोरी, थांब.
काटा अजून हलतोय.